शेपटीचं चाक

नागावात ज्याची नारळ-सुपारीची वाडी आहे, त्याने निवृत्तीनंतर काय करावं हे गावाने ठरवून ठेवलेलं आहे. एक तर वाडीत चार खोल्या बांधून ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी लावावी. ते झेपत नसेल तर रस्त्याकडेचा तुकडा मुंबईच्या एखाद्या शेटला विकावा आणि उरलेला जन्म भाव कमी आला म्हणून हळहळावं. तेही नको असेल तर भावकीशी दावा लावावा. त्यात वेळ उत्तम जातो आणि अलिबागला कोर्टाच्या आसपास चहा बरा मिळतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या तिन्ही मार्गांचा शांतपणे विचार केला आणि विमान घ्यायचं ठरवलं.

विमान म्हणजे लहानसंच. दोन माणसांचं, कापडाने मढवलेलं आणि तिसरं चाक शेपटीखाली असलेलं. हल्ली आपण ज्यांतून जातो-येतो त्या विमानांचं तिसरं चाक नाकाखाली असतं, त्यामुळे ती जमिनीवर गुमान आडवी उभी राहतात. जुनी विमानं नाक वर करून बसायची. पुढे दोन मोठी चाकं आणि मागे शेपटीला एवढंसं एक, किंवा त्याहून आधीच्या काळी नुसतीच एक पट्टी. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ असंच नाक वर करून बसणारं होतं. पुढे 1956 मध्ये नाकाखालच्या चाकाचं सेसना 172 बाजारात आलं, जगभरच्या शिकाऊ मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि शेपटीचं चाक मागे पडलं.

मला नेमकं तेच हवं होतं. खडबडीत जमीन, गवत, ओली वाळू असल्या जागी हीच विमानं चालतात. पंखा जमिनीपासून उंच राहतो, म्हणून दगडगोटे उडून त्याला लागत नाहीत. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की, हे विमान उभं असतानाही कुठेतरी निघाल्यासारखं दिसतं. साठी उलटल्यावर काही लोक बुलेट घेतात, त्यांना कुणी कारण विचारत नाही.

शिवाय ही काही परकी वस्तू नाही. भारतात बनलेली शेपटीच्या चाकाची गाजलेली विमानं ज्यांनी आखली, ते डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून ते परतले, पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले आणि 1951 मध्ये त्यांचं एचटी-2 उडालं. त्यावर हवाई दलाच्या कितीतरी तुकड्या उडायला शिकल्या. मग 1958 मध्ये पुष्पक: शेजारी शेजारी दोन माणसं, 90 अश्वशक्तीचं इंजिन, अंगावर कापड. दीडशेच्या आसपास पुष्पकं बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. पुराणातल्या पुष्पकात कितीही माणसं बसली तरी एक जागा शिल्लक राहायची म्हणतात. घाटग्यांच्या पुष्पकात दोन अंगापिंडाने भरलेली माणसं बसली की दार लावायला बाहेरून तिसरा लागायचा, असं आमचे कॅप्टनसाहेब सांगतात.

कॅप्टनसाहेब राहतात चौलला. स्वतः टायगर मॉथवर शिकलेले आणि उमेदीच्या काळात पुष्पकवर पोरांना शिकवलेले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात, पण विमानाचा विषय निघाला की आवाज चाळिशीचा होतो. माझा बेत ऐकल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पाय कसे आहेत तुझे?”

मी म्हटलं, “बरे आहेत, मधुमेहाचा अजून त्रास नाही.”

“तसं नाही रे. जागे आहेत का?”

त्याचा अर्थ त्यांनी मला पडवीत बसवून समजावला. नागाव-अलिबागच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो चटकन कळेल. गाडीत माणूस आसाच्या मागे उभा राहिला की गाडी उलाळ होते. धूर वर उचलते, वळणावर मागचा भार पुढे धावू पाहतो आणि बैल एकीकडे, गाडी दुसरीकडे. शेपटीच्या चाकाचं विमान जन्मभर असंच उलाळ असतं. त्याचं वजन मुख्य चाकांच्या मागे. जमिनीवर धावताना नाक जरा डावीकडे गेलं, की मागचं वजन म्हणतं मीच पुढे होतो, आणि वैमानिकाने वेळीच उजवा पाय दाबला नाही तर विमान गर्रकन स्वतःभोवती फिरून आल्या दिशेला तोंड करून उभं राहतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात बहुधा पंखाचं टोक जमिनीला घासतं, चाकाचा पाय मोडतो आणि वैमानिकाचा स्वभाव सुधारतो. हे टाळायचं साधन म्हणजे सुकाणू, आणि ते विमानात हाताने नव्हे, पायाने चालवतात.

लगेच शिकवणी सुरू झाली. दोन लाकडी पाट, प्रत्येकाखाली आडवा एकेक वरवंटा, म्हणजे पाय दाबला की पाट कलतो. उजव्या हातात दांडा म्हणून कॅप्टनसाहेबांची काठी. डाव्या हातात थ्रॉटल म्हणून वहिनींचा अडकित्ता. समोर पत्र्याच्या डब्यावर डबा ठेवून नजर अडवलेली, कारण जमिनीवर असताना या विमानात समोरचं काही दिसत नाही, दिसतं ते स्वतःचंच नाक. कॅप्टनसाहेब मागे झोपाळ्यावर बसून ओरडायचे, “डावा! उजवा! डावा! अरे उजवा, गेलास भिंतीत!” वहिनी आतून विचारायच्या, “अहो, कवायत कसली चाललीय?” रस्त्यावरून जाणारा मिनीडोअरवाला गाडी हळू करून बघायचा, आणि आतल्या प्रवाशांना त्याची घाई नसायची.

सगळ्यात अवघड धडा उतरण्याचा. मला वाटायचं, विमान खाली आणायचं असतं. कॅप्टनसाहेब म्हणाले, “मुळीच नाही. हातभर उंचीवर आलास की दांडा हळूहळू पोटाशी ओढत राहायचं. त्याला उतरू द्यायचंच नाही. त्याचा वेग संपतो, ते कंटाळतं आणि आपण होऊन तिन्ही चाकांवर बसतं. बसलं की तुझं खरं काम सुरू. दोरीने खुंटीला बांधून होईपर्यंत ते उडतंच आहे असं समज.” मी बँकेत कर्जवसुली पाहिलेली आहे, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

शिकवणीचा परिणाम असा झाला की माझे पाय सारखे चालू राहू लागले. मिनीडोअरने अलिबागला जाताना वळण आलं की मी आतल्या आत सुकाणू द्यायचो. एकदा ते सुकाणू शेजारच्या बाईंच्या मासळीच्या पाटीवर पडलं आणि पुढचा सगळा रस्ता मला माझ्या पूर्वजांबद्दल नवी माहिती मिळत गेली.

घरी मात्र चर्चा वेगळ्याच मुद्द्यावर अडली. बायकोने विचारलं, “उतरवणार कुठे?”

“किनाऱ्यावर. ओली वाळू सिमेंटसारखी असते.”

“आणि भरती असेल तेव्हा?”

बायका मूलभूत प्रश्न काढतात. मी आमच्या ओळखीच्या नाखव्याकडे गेलो. त्याने बोटांवर हिशेब केला: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा वाजता, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या पुढे. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी आणि पुनव-अवसेला पहाटे. दुपारी खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे सणसणतो, पहाटे मतलई जमिनीकडून समुद्राकडे हलकासा जातो. तेव्हा हलक्या विमानाला पहाटच चांगली. सगळं जुळवून पाहिलं, आणि विमान उडवायला महिन्यातले सर्वांत उत्तम दिवस निघाले पौर्णिमा आणि अमावास्या.

“अमावास्येला?” बायको म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

तिला मी वाऱ्याची दुसरी अडचण सांगितलीच नाही. आमचा किनारा दक्षिणोत्तर धावतो. खारा वारा असो की मतलई, दोन्ही आडवेच. शेपटीच्या चाकाच्या विमानाला आडवा वारा म्हणजे सख्खी भावकी. शेपटीवर वारा धरून ते आपलं तोंड वाऱ्याकडे वळवतं. म्हणजे दुपारी उतरलं तर त्याचं तोंड समुद्राकडे आणि पहाटे उतरलं तर माझ्या वाडीकडे. ज्याला अलिबागला राहून आडव्या वाऱ्यात उतरता आलं, त्याला जगात कुठेही उतरता येईल, असं कॅप्टनसाहेबांचं मत आहे. ज्याला नाही आलं, त्याच्याबद्दल ते बोलत नाहीत.

मध्यंतरी एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये एक जुनं पुष्पक पडून असल्याचं कळलं, म्हणून बघायला गेलो. होतं खरं. एक टायर बसलेला, पंखाच्या कापडाला भोक, त्यातून आतल्या फासळ्या दिसत होत्या आणि वैमानिकाच्या जागेवर कबुतराने अंडी घातलेली. मी हलक्या हाताने दार उघडलं. आत जुन्या कापडाचा, तेलाचा आणि विष्ठेचा मिसळलेला वास. वेगदर्शकाची काच शाबूत होती, काटा शून्याच्या किंचित वर अडकलेला. सोबतचा मेकॅनिक म्हणाला, “साहेब, काटा वाऱ्याने हलतो कधीकधी. मनातून जात नाही त्याच्या.” मी किंमत विचारली. त्याने कबुतराकडे पाहिलं आणि आधी त्याच्याशी बोलावं लागेल, असं सांगितलं.

तेव्हा खरी उड्डाणाची हौस भागली ती पेनसिल्व्हेनियात. भाची तिकडे असते. तिथलं लॉक हेवन हे ससक्वेहाना नदीकाठचं गाव म्हणजे पायपर कबचं माहेर. पिवळ्या रंगाचं, 65 अश्वशक्तीचं, शेपटीच्या चाकाचं हे विमान 1947 पर्यंत वीस हजारांच्या आसपास बनलं आणि त्यातली कितीतरी अजून उडतात. परदेशी पाहुण्याला तिकडे रीतसर विमान शिकायचं तर सुरक्षा खात्याची परवानगी लागते. शिक्षकासोबत ओळखीची एक फेरी मारायला मात्र मुभा असते. भाचीने माझ्या वाढदिवसाला ती फेरी दिली. “मामा, तू शिकलायस ना पाटावर?” असंही म्हणाली.

कबमध्ये शिकणाऱ्याने मागे बसायचं आणि शिक्षकाने पुढे. माझे शिक्षक वयाने माझ्याहून मोठे आणि रुंदीने दोघांएवढे. त्यामुळे मला समोर दिसत होता चौकडीचा एक सदरा. विमानाला बॅटरी नाही, स्टार्टर नाही. एकाने पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवायचा. तो सुरू झाला, उघड्या दारातून कापलेल्या गवताचा वास आला आणि आम्ही गवतावरून नागमोडी निघालो. नागमोडी अशासाठी की सरळ गेलं तर पुढे काय आहे ते कळत नाही. म्हणून डावीकडे वळून उजवीकडचं बघायचं, उजवीकडे वळून डावीकडचं. शिक्षक एकच शब्द सतत ओरडत होते, “फीट! फीट!” चौल आणि पेनसिल्व्हेनिया यांत एवढी एकवाक्यता असेल असं मला वाटलं नव्हतं.

वर गेल्यावर फार बोलण्यासारखं नाही. नदी, टेकड्या, मक्याची शेतं, ताशी 120 किलोमीटर वेग. वडखळ नाक्यावर तासभर अडकलेल्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. उतरताना दांडा माझ्या हातात होता म्हणतात. विमान बसलं, उसळलं, पुन्हा बसलं आणि मक्याकडे निघालं. मी डावा पाय दाबला. मग उजवा. मग आठवेल तो. चौकडीचा सदरा एकदाच हलला आणि विमान सरळ झालं. खाली उतरल्यावर शिक्षकांनी मी काय काम करायचो ते विचारलं. बँकेत, म्हटल्यावर त्यांनी समजूतदारपणे मान हलवली; तिथे पायांना काम नसतं, म्हणाले.

परत आल्यावर मी कागदपत्रांना लागलो. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे दहावी पास, वय 17 पूर्ण आणि किमान 40 तास उड्डाण लागतं. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, म्हणजे एक इयत्ता वरकड. वयाची खालची अटही भरघोस पूर्ण झालेली. वरची मर्यादा डॉक्टर ठरवतात. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास 2 ची तपासणी करून घ्यावी लागते. त्याआधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना रक्तदाब दाखवला तर ते म्हणाले, “नियमांची पुस्तिका वाचणं बंद करा, दाब उतरेल.” तास पूर्ण करायला धुळे, बारामती, गोंदिया अशी ठिकाणं आहेत, पण तिथली विमानं नाकाखालच्या चाकाची. म्हणजे मी सरळ विमानावर शिकायचं आणि मग उलाळ विमानासाठी ते विसरायचं.

इंधनाचंही एक आहे. या इंजिनांना विमानाचं खास पेट्रोल लागतं. आपण ते वर्षानुवर्षं बाहेरून आणायचो, 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याला बनवायला घेतलं. अलिबागच्या पंपावरचं भरू का, असं मी विचारलं तर कॅप्टनसाहेब खवळले. त्यात आता 20 टक्के इथेनॉल, आणि जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. “उसाचा रस पिऊन विमान उडत नाही,” म्हणाले.

ठेवायचं कुठे, हा बायकोचा पुढचा प्रश्न. मी तिला कांदिवलीच्या चारकोपचे कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण दिलं. त्यांनी इमारतीच्या गच्चीवर अख्खं विमान बांधलं, 2016 मध्ये ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं, आणि उडवायची परवानगी मिळायला 2019 उजाडलं. “बघ, नुसती गच्ची पुरते,” मी म्हटलं. तिने आमच्या मंगलोरी कौलांकडे बघितलं.

मग तिने 3 जून 2020 ची तारीख काढली. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि पत्रे कुणाचे कुणाकडे गेले याचा हिशेब अजून लागायचा आहे. वारा ताशी 110 किलोमीटरच्या आसपास होता. कब हवेत तरंगायला 60 पुरतात. म्हणजे त्या दिवशी ते अंगणात असतं तर इंजिन चालू न करता, वैमानिक न बसवता, खुंट्यांसकट उडून गेलं असतं. कुठे, तर वाऱ्याची दिशा पाहता महाडच्या वाटेने. मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011 पासून चालू आहे. त्या मानाने ते लवकर पोहोचलं असतं, हा माझा युक्तिवाद घरात टिकला नाही.

तरीही मी बेत सोडलेला नाही. जुन्या कबची किंमत तिकडे एका बऱ्या मोटारीएवढी आहे, आणि पाय आता झोपेतही जागे असतात. बायको पलंगाच्या दुसऱ्या टोकाला झोपते. अडलंय ते जमिनीवर. किनाऱ्यावर उतरायचं तर परवानग्यांची यादी माझ्या हयातीपेक्षा लांब आहे, आणि शनिवार-रविवारी घोडागाड्या, बनाना राइड आणि पुण्याची मंडळी यांच्यामधून तीनशे मीटर मोकळी वाळू मिळणं परवानगीहून अवघड. तेव्हा स्वतःची धावपट्टीच हवी. कबला तीनशे मीटर पुरतात, पण माझी पावलं बघून कॅप्टनसाहेबांनी सहाशे सांगितलीत. रुंदी तीस. म्हणजे 18,000 चौरस मीटर, अर्थात 178 गुंठे. आमच्याकडे 178 गुंठे सलग म्हणजे किती खातेदार, किती कुळं, किती आत्या आणि त्यांतल्या किती जणी अंधेरीला, हे तलाठ्याला विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मला आधी पाणी दिलं.

तरी वाचकांना विनंती अशी: रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंत कुणाकडे पूर्व-पश्चिम सहाशे मीटर लांब, तीस मीटर रुंद, दोन्ही टोकांना माड नसलेली, मधून महावितरणची तार न जाणारी सपाट जमीन एकाच सातबाऱ्यावर एकाच नावाने असेल, तर कृपया कळवावं. विकत नको, भाड्याने हवी. पावसाळ्याचे चार महिने भात लावायला माझी हरकत नाही. गुंठ्याचा भाव सांगणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.